उच्च रक्तदाबात धमनीची भिंत कशी बदलते?

रक्तदाब वाढला की त्याचा भार सर्वांत आधी धमन्यांच्या भिंतीवर येतो. ही भिंत जिवंत असते. तिच्यातल्या पेशींना ताण कळतो आणि त्या काही आठवड्यांत-महिन्यांत भिंतीची रचनाच बदलून टाकतात. "मला काहीच त्रास होत नाही, मग गोळी कशाला?", "बीपी नॉर्मल आलंय, आता गोळी बंद करू का?", "गोळी सुरू केल्यावरच चक्कर यायला लागली", "वरचा जास्त आहे, पण खालचा कमी आहे ना?" दवाखान्यात रोज ऐकू येणाऱ्या या चारही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या बदलात आहेत. म्हणून औषधांकडे वळण्याआधी भिंतीची ओळख करून घेऊ.

भिंतीत काय असते

धमनी म्हणजे हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणारी नळी. तिच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांत आत एका पेशीइतके पातळ अस्तर असते. मधल्या थरात स्नायुपेशी आणि त्यांच्याभोवती दोन प्रकारचे धागे असतात: इलास्टिन आणि कोलॅजन. बाहेरचा थर मुख्यतः कोलॅजनचा असतो.

पायजम्याच्या कमरेचे इलॅस्टिक डोळ्यांसमोर आणा. त्यात रबराचे धागे असतात आणि त्यांच्याभोवती सुती विणकाम असते. थोडे ताणले तर रबर ताणते आणि सोडल्यावर परत येते. आणखी ताणत गेलात तर एका टप्प्यावर सुती धागे ताठ होतात आणि पट्टी अडते. धमनीत इलास्टिन म्हणजे ते रबर आणि कोलॅजन म्हणजे तो सुती धागा. नेहमीच्या दाबाला कोलॅजनचे बरेच धागे ढिले, नागमोडी पडलेले असतात. ताणण्याचे काम इलास्टिन करते. दाब वाढला की कोलॅजनवर भार येऊ लागतो. म्हणजे रचनेत काहीही बदल होण्याआधी, नुसता दाब वाढल्यानेसुद्धा धमनी जास्त कडक वागू लागते.

हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत इलास्टिन भरपूर असते, कारण ठोक्याचा धक्का त्यांना झेलायचा असतो. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलते. महाधमनी फुगून त्यातला बराच भाग क्षणभर स्वतःत सामावते आणि हृदय विसावलेले असताना तो पुढे सोडते. दोन ठोक्यांच्या मध्येही रक्त वाहत राहते आणि रक्तदाबाचा खालचा आकडा शून्यावर जात नाही, तो याच सोयीमुळे. अवयवांच्या तोंडाशी असलेल्या बारीक धमन्या मात्र मुख्यतः स्नायूंच्या बनलेल्या असतात. कुठल्या अवयवाला किती रक्त द्यायचे हे त्या नळाच्या तोटीसारखे आवळून-सैलावून ठरवतात. मोठ्या धमन्या आणि बारीक धमन्या यांची उच्च रक्तदाबातली कथा वेगवेगळी आहे आणि पुढे ती तशीच सांगितली आहे.

भिंत जाड का होते

यामागे एक साधे गणित आहे. ते लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते. नळीच्या भिंतीवरचा ताण काढायचा तर आतल्या दाबाला नळीच्या त्रिज्येने गुणायचे आणि भिंतीच्या जाडीने भागायचे. दाब वाढला किंवा नळी रुंद झाली की ताण वाढतो. भिंत जाड झाली की ताण कमी होतो.

प्रत्यक्ष आकडे घालून बघू. १२०/८० रक्तदाबात सरासरी दाब सुमारे ९३ येतो. (खालचा आकडा अधिक दोन्हींमधल्या फरकाचा एक तृतीयांश, असा हा हिशेब.) १६०/१०० असेल तर सरासरी १२०. म्हणजे भार २९ टक्क्यांनी वाढला. मानेतल्या धमनीचे सोनोग्राफीत दिसणारे आतले दोन थर निरोगी माणसात मिळून साधारण ०.६ मिलिमीटर असतात. ताण पूर्वीइतकाच ठेवायचा तर त्यांना ०.७७ मिलिमीटरपर्यंत जाड व्हावे लागेल. उच्च रक्तदाबात भिंत नेमकी त्याच दिशेने जाते: स्नायुपेशी आकाराने वाढतात, त्यांच्याभोवती नवे कोलॅजन विणले जाते.

शरीर हे किती तत्परतेने करते याचा पुरावा बायपास झालेल्या रुग्णांत दिसतो. पायातली शीर काढून हृदयाच्या धमनीला जोडतात, तेव्हा ती शीर मुळात पातळ भिंतीची, कमी आणि संथ दाबाची सवय असलेली असते. धमनीच्या जागी बसवल्यावर काही महिन्यांत तिची भिंत जाड होते. डायलिसिससाठी हातावर फिस्टुला करतात तेव्हाही हेच दिसते. धमनीला जोडलेली शीर काही आठवड्यांत रुंद आणि जाड होते, म्हणून तर तिला वारंवार सुया टोचता येतात. पण याची दुसरी बाजूही बायपासमध्येच दिसते. जागच्या जागी असताना शिरांमध्ये चरबीच्या गाठी जवळपास कधीच होत नाहीत. त्याच शिरा धमनीच्या दाबाखाली आल्या की काही वर्षांत त्यांच्यात अडथळे होऊ लागतात. जाड होणे हा त्या वेळेपुरता बचाव आहे आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

बारीक धमन्या: तोटी आवळलेलीच राहते

१९०२ मध्ये विल्यम बेलिस या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवले की बारीक धमनीतला दाब वाढवला तर ती फुगण्याऐवजी आकसते. मज्जातंतूंचा आदेश नसतानाही आकसते, कारण स्नायुपेशी ताणल्या गेल्या की आपसूक आवळतात. याचा उपयोग उघड आहे: पुढच्या नाजूक केशवाहिन्यांपर्यंत वाढलेला दाब पोहोचत नाही.

हा दाब तासभर टिकला तर धमनी नंतर सैलावते. पण महिनोन् महिने टिकला तर स्नायुपेशी आकसलेल्या स्थितीतच नव्याने रचल्या जातात. बारीक धमन्यांमध्ये बऱ्याचदा भिंतीत नवीन माल फारसा पडत नाही. आहे त्याच पेशी लहान वर्तुळात, जास्त दाट बसतात. भिंत जाड आणि पोकळी अरुंद. लाप्लासच्या गणिताने बघितले तर दुहेरी फायदा: त्रिज्या कमी, जाडी जास्त, ताण आटोक्यात.

तोटा असा की अरुंद नळीतून रक्त ढकलायला दाब जास्त लागतो, आणि तोही थोडाथोडका नाही. नळीतला अवरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी कमी झाली तर अवरोध सुमारे ५२ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे उच्च रक्तदाबामुळे बारीक धमन्या अरुंद होतात आणि अरुंद धमन्यांमुळे रक्तदाब उच्चच राहतो. स्वीडनमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्यॉर्न फोल्को यांनी हे चक्र कित्येक वर्षांच्या कामातून मांडले. सुरुवातीला दाब कशाने वाढला होता, मिठाने, वजनाने की घराण्यातून आलेल्या प्रवृत्तीने, हे मग तितके महत्त्वाचे राहत नाही. रचनाच दाब टिकवून धरते.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे इथे मिळतात. त्रास होत नाही, कारण भिंतीने जुळवून घेतले आहे. वाढलेला दाब अवयवांपर्यंत पोहोचू दिलेला नाही. (बीपी वाढले की डोके दुखते, असा समज घरोघरी आहे. बहुतेक रुग्णांचे डोके दुखत नाही, आणि डोके दुखण्याची वाट बघत थांबणे हा फार महागडा सौदा आहे.) दुसरा प्रश्न गोळी बंद करण्याचा. गोळी सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांत आकडा नॉर्मल येतो, पण अरुंद झालेली रचना तेवढ्यात सुटत नाही. गोळी स्नायूंना सैलावते किंवा आवळणाऱ्या संप्रेरकांना रोखते. ती थांबवली की तोटी पुन्हा जुन्याच मापाला येते. वजन बरेच उतरले, मीठ खरोखर कमी झाले, तर काही जणांची औषधे कमी करता येतात, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, घरी नोंदी ठेवून.

चक्कर का येते आणि दाब झटकन का उतरवू नये

मेंदूच्या धमन्या सरासरी दाब साधारण ६० ते १५० च्या दरम्यान कुठेही असला तरी आवळून-सैलावून रक्तपुरवठा जवळपास सारखा ठेवतात. ज्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे जास्त आहे त्यांच्या धमन्या जाड झाल्यामुळे हा सगळा पट्टा वरच्या बाजूला सरकतो. वरचे टोक वर जाते. त्यामुळे १९०/११० असूनही ती व्यक्ती बाजारहाट करत असते. पण खालचे टोकही वर जाते. तरुण माणसाला सहज चालेल एवढ्या दाबाला या व्यक्तीच्या मेंदूला रक्त कमी पडू लागते, कारण जाड, आखूड झालेली भिंत पुरेशी सैलावू शकत नाही.

म्हणून औषध सुरू केल्यावर आकडा १३०/८० असा छान असूनही पहिले काही दिवस हलके वाटते, उठताना झोक जातो. गोळी मानवली नाही असे समजून ती परस्पर सोडू नका. डोस कमी करून पायरी-पायरीने वाढवला तर पट्टा हळूहळू खाली सरकतो आणि तोच आकडा नंतर मानवतो. चक्कर जास्त असेल, विशेषतः उभे राहताना, तर डॉक्टरांना सांगा आणि बसून व उभे राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला लावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर औषधांचा फेरविचार करावा लागतो. वयस्कर आणि मधुमेही रुग्णांत हे मोजल्याशिवाय कळत नाही.

याच कारणासाठी एक जुनी पद्धत बाद झाली. पूर्वी रक्तदाब फार वाढलेला दिसला की निफेडिपिनची कॅप्सूल चावून जिभेखाली ठेवायला सांगत. आकडा काही मिनिटांत कोसळे आणि सगळ्यांना हायसे वाटे. पण काही रुग्णांना त्यातून अर्धांगवायू आणि हृदयविकाराचे झटके आले. १९९० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांतून याविरुद्ध स्पष्ट इशारे दिले गेले. तरीही घराच्या औषधांच्या डब्यात 'इमर्जन्सीसाठी' अशी कॅप्सूल जपून ठेवलेली कुठे असेल, तर ती टाकून द्या.

मोठ्या धमन्या: जुने इलॅस्टिक

महाधमनीतले बहुतेक सगळे इलास्टिन आपण आईच्या पोटात असताना आणि बालपणात तयार होते. नंतर ते जवळपास नव्याने बनत नाही. तेच जन्मभर पुरवायचे असते. हृदयाचे ठोके मिनिटाला ७० धरले तर दिवसाला एक लाखाहून जास्त होतात. प्रत्येक ठोक्याला इलास्टिन ताणले जाते आणि सुटते. वर्षानुवर्षे हे झाल्यावर त्याचे पदर तुटू लागतात, जशी जुन्या इलॅस्टिकमधली रबरे तुटतात. पट्टी मग सैल तर पडतेच, पण ओढून बघितली तर ताणतही नाही, कारण उरलेले सगळे सुती धागेच. वयानुसार महाधमनीचे तसेच होते: ती रुंद होते आणि कडकही. उच्च रक्तदाबात प्रत्येक ठोक्याचा ताण जास्त, म्हणून ही झीज आधी होते. मधुमेहात तिसरी भर पडते. रक्तातली साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते आणि त्यांना एकमेकांशी सांधून आणखी ताठ करते. बीपी आणि शुगर दोन्ही असलेल्यांना डॉक्टर जास्त कडकपणे बोलतात, त्याचे हे एक कारण.

कडक महाधमनी ठोक्याचे रक्त सामावून घेत नाही. त्यामुळे ठोक्याच्या वेळी दाब उंच चढतो आणि विसाव्याच्या वेळी मागे साठा नसल्याने खाली घसरतो. वरचा आकडा वाढतो, खालचा उतरतो. शिवाय ठोक्याची लहर (रक्त नव्हे, नाडीचा धक्का) तरुण धमनीत सेकंदाला साधारण ६ मीटर वेगाने जाते, कडक धमनीत १० मीटरच्या पुढे. शरीराच्या टोकांकडून परत फिरणारी लहर मग हृदय अजून रक्त ढकलत असतानाच त्याच्यावर येऊन आदळते. हृदयाचे काम वाढते आणि त्याचे स्नायू जाड होतात. हृदयाला स्वतःला रक्त मिळते ते बहुतांशी विसाव्याच्या काळात, म्हणजे खालच्या आकड्याच्या जोरावर, आणि तोच कमी झालेला असतो. मेंदू आणि मूत्रपिंडे यांच्या धमन्या मुळात सताड उघड्या, भरपूर रक्त घेणाऱ्या. मोठ्या धमनीने न झेललेला धक्का तिथल्या बारीक वाहिन्यांपर्यंत थेट पोहोचतो.

तेव्हा ४५ व्या वर्षी १५०/१०० असलेल्या माणसाचा ६८ व्या वर्षी १६५/७२ आला, तर खालचा आकडा सुधारला असा अर्थ काढू नका. दोन आकड्यांतला फरक ५० वरून ९३ झाला आहे आणि तो मोठ्या धमन्या कडक झाल्याची खूण आहे. सर्वसाधारणपणे हा फरक ४० च्या आसपास असतो. ६० च्या वर सतत राहिला तर त्याकडे लक्ष द्यायला हवे. "वय अधिक शंभर इतका वरचा आकडा चालतो" हा हिशेब अजूनही ऐकू येतो. तो चूक आहे. अमेरिकेत ६० वर्षांवरच्या, वरचा आकडा १६० किंवा जास्त पण खालचा ९० च्या आत असलेल्या चार हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लोरथॅलिडोनसारख्या स्वस्त गोळीपासून उपचार सुरू केलेल्यांत पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले. आजीआजोबांचा 'नुसता वरचा' रक्तदाब उपचार करण्यासारखा असतो. फक्त डोस सावकाश वाढवायचे.

हे बदल तपासणीत कुठे दिसतात

बारीक धमन्या शरीराबाहेरून प्रत्यक्ष बघता येतात अशी एकच जागा आहे, डोळ्याचा पडदा. जाड झालेल्या धमनीची चकाकी तांब्याच्या तारेसारखी दिसते, आणि ती जिथे शिरेवरून जाते तिथे शीर दबलेली दिसते. रक्तदाबाचे निदान नवे असेल तर डोळ्यांची ही तपासणी, ईसीजी आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करून घ्यावी. गरज वाटल्यास डॉक्टर टूडी इको सांगतील. नाडीच्या लहरीचा वेग मोजणारी यंत्रे संशोधनात उपयोगी आहेत, पण 'तुमच्या धमन्यांचे वय' सांगणाऱ्या महागड्या पॅकेजने बहुतेक रुग्णांच्या उपचारात काही फरक पडत नाही. तेवढ्या पैशांत दंडावर बांधायचे चांगले बीपी मशीन येते.

उपचारांनी काय परत येते

बारीक धमन्यांच्या बाबतीत बातमी चांगली आहे. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये अर्नेस्टो शिफ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून रुग्णांच्या नितंबाच्या त्वचेखालून छोटा तुकडा काढून त्यातल्या बारीक धमन्या उपचाराआधी आणि वर्षभराच्या उपचारानंतर मोजल्या. लोसार्टानच्या गटातल्या औषधांनी भिंत आणि पोकळीचे प्रमाण वर्षभरात बरेचसे सुधारले. अटेनोलॉलने रक्तदाब तेवढाच उतरूनही भिंत जवळपास तशीच राहिली. टेल्मिसार्टान, रामिप्रिल, ॲम्लोडिपिन या औषधांना आज सुरुवातीला पसंती देण्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक आहे. पण हे वाचून तुमची अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल बंद करू नका. ती अंजायनासाठी, हृदयाच्या लयीसाठी किंवा झटक्यानंतर दिलेली असू शकते, आणि ही औषधे अचानक थांबवणे धोक्याचे असते. टेल्मिसार्टान, लोसार्टान आणि रामिप्रिल ही औषधे गरोदरपणात चालत नाहीत. मूल हवे असेल तर आधीच सांगा.

मोठ्या धमन्यांमधले तुटलेले इलास्टिन कोणतीही गोळी परत जोडत नाही. पण दाब उतरला की भार कोलॅजनवरून पुन्हा इलास्टिनवर येतो, आणि तेवढ्याने धमनी थोडी मऊ वागते. नियमित भरभर चालण्याने आणि मीठ कमी केल्यानेही कडकपणा काहीसा उतरतो. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, बेकरीचे पदार्थ सगळे आले. भाजीतले मीठ कमी केले आणि ताटात वरून खाराची मिरची घेतली, तर हिशेब तिथेच येतो. तंबाखू, मिसरी, सिगारेट यांचा मारा थेट आतल्या अस्तरावर असतो.

घरी मोजताना आकडा १८०/१२० किंवा वर दिसला तर आधी पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजा. छातीत दुखणे, धाप, हातापायात अशक्तपणा, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, नजर धूसर होणे किंवा गुंगी यांपैकी काही असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठा. तिथेसुद्धा बहुतेक वेळा पहिल्या तासात दाब साधारण पाव हिश्श्यापेक्षा जास्त उतरवत नाहीत, आणि डॉक्टर 'अजून १६० च आहे' म्हणत थांबले तर ते मुद्दाम थांबलेले असतात. यांतले काहीच होत नसेल तर जास्तीची गोळी स्वतःहून घेऊ नका. चुकलेला डोस असेल तर तो घ्या आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन करा.